संशय आणि भीतीने घर धरलंय. डॉक्टरकडे पोचेपर्यंत घरी काय करायचं?

रानजाई

धाकट्या दिरांचं वय २७, एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, अविवाहित. महिनाभरापासून त्यांचं ठाम म्हणणं आहे की वरच्या मजल्यावरचे भाडेकरू पंख्यातून घरातलं बोलणं ऐकतात आणि टाकीच्या पाण्यात काहीतरी कालवतात. खोलीच्या खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली आहेत, मोबाइल फॉइलमध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवलाय. घरचं जेवण बंद. सीलबंद बिस्किटं आणि बाटलीचं पाणी, तेही स्वतः आणलेलं. रात्री तीन-साडेतीनपर्यंत दाराच्या फटीतून जिन्याकडे बघत बसतात. कामावर जाणं थांबलंय. दारू नाही, गांजाचं खात्रीने सांगता येत नाही. ताप नाही, डोक्याला मार नाही.

सासरे रोज वाद घालतात. सासूबाईंनी देवऋषी गाठला, त्याने 'बाहेरचं आहे' म्हणून अंगारा दिला. ओळखीचा एक मेडिकलवाला म्हणतो, गोळ्या देतो, चहातून द्या. डॉक्टरचं नाव काढलं की भाऊजी म्हणतात, "वहिनी, तुम्हीपण त्यांना सामील."

बोलायचं कसं, जेवणाचं काय, डॉक्टरपर्यंत न्यायचं कसं आणि जबरदस्तीची वेळ कधी येते, एवढंच हवंय. आम्ही सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी राहतो.

वॉर्डसिस्टर

आधी बोलण्याचं, कारण बाकीचं सगळं तिथेच अडतं.

हा संशय पुराव्याने जात नाही. टाकी उघडून दाखवली, पंखा खोलून दाखवला, वरच्या लोकांना समोर आणून उभं केलं, तरी तासाभरात 'तुम्ही यायच्या आधीच त्यांनी काढून घेतलं' हे उत्तर तयार होतं. शिवाय पंखा खोलणारा माणूसही संशयितांच्या यादीत जातो. सासऱ्यांचे रोजचे वाद म्हणूनच थांबवायला हवेत. त्यांचा हेतू चांगला असेल, पण प्रत्येक वादात तो संशय आणखी पक्का होतोय.

उलट टोकही नको. 'हो, मलापण आवाज आला' असं म्हणाल तर उद्या तुम्हाला साक्षीदार धरून ते वरच्या मजल्यावर जातील. भीती खरी धरायची आणि कारणावर मत द्यायचं नाही. शब्द साधारण असे: "भाऊजी, मला तो आवाज येत नाहीये. पण तुम्हाला येतोय, आणि त्यापायी तुमची झोप उडालीय, हे दिसतंय." त्यांनी थेट विचारलं, 'तुम्हाला खरं वाटतं की नाही?', तर: "त्यावर आपलं एकमत नाही. ते आज बाजूला ठेवू. झोपेचं काय करू या, ते सांगा." आणि थांबायचं. लगेच दुसरं वाक्य जोडायचं नाही.

एका वेळी एकानेच बोलायचं. ज्याच्यावर संशय सर्वांत कमी, त्याने. बोलताना समोर छाती काढून नाही, थोडं बाजूला, दोन हात अंतरावर, आणि त्यांच्या व दाराच्या मध्ये कधीच उभं राहायचं नाही. मागून खांद्यावर हात ठेवायचा नाही. खोलीत जाण्याआधी टकटक करून नाव सांगायचं.

लोक नेमके चुकतात ते स्वयंपाकघरात: कुजबुज, ते आले की गप्प होणं, दुसऱ्या खोलीत जाऊन फोन, एकमेकांना डोळ्यांनी खुणा. संशयाला यापेक्षा चांगलं खाद्य नाही. त्यांच्याविषयी बोलायचं असेल तर घराबाहेर बोला, नाहीतर नेहमीच्या आवाजात बोला. ते बाहेर गेले की खिडक्यांवरची वर्तमानपत्रं काढू नका. घरात नवा कॅमेरा बसवू नका. डॉक्टरला दाखवायला चोरून व्हिडिओ काढणं मोहाचं असतं, पण एकदा पकडलं गेलात की 'माझ्यावर पाळत आहे' हे म्हणणं खरंच ठरतं. त्यापेक्षा वहीत लिहा.

जेवणावरून हट्ट सोडा. 'हे बघ, मी खाल्लं, मला काय झालं?' याचा उपयोग होत नाही. ज्यात भेसळ करता येत नाही असं त्यांना वाटतं, ते घरात दिसेल असं ठेवा: केळी, संत्री, न सोललेली उकडलेली अंडी, टरफलासकट शेंगा, टेट्रापॅक दूध. कुकर त्यांच्यादेखत उघडायचा, सगळ्यांनी एकाच भांड्यातून घ्यायचं, आणि ताट-वाटी उचलून पहिलं वाढून घ्यायची मुभा त्यांना. स्वतः शिजवायचं म्हणाले तर शिजवू द्या. दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी पोटात जातंय का, हे जेवणापेक्षा जास्त महत्त्वाचं. लघवी गडद पिवळी आणि अगदी कमी होत असेल, किंवा पाणीच बंद केलं असेल, तर त्याच दिवशी दवाखाना.

दुपारी चारनंतर चहा-कॉफी नाही. रात्री खोलीत एक मंद दिवा राहू द्या, अंधारात भास वाढतात. टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिका आणि बातम्यांचा आरडाओरडा काही आठवडे बंदच ठेवलेला बरा.

फिजिशियन_कोकण

सिस्टरांनी घरची बाजू नीट सांगितलीच आहे. माझं म्हणणं एवढंच, की मनाचा आजार म्हणण्याआधी शरीर तपासून घ्या.

घरी करता येणारी पहिली पारख: त्यांना आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे बरोबर सांगता येतं का? महिन्यांची नावं डिसेंबरपासून उलटी म्हणता येतात का? माणूस सकाळी ठीक, संध्याकाळी बरळतोय, बोलता बोलता गुंगीत जातोय, साप-किडे दिसतायत असं असेल, तर तो बहुधा शारीरिक कारणाने झालेला संभ्रम असतो. तो तासा-दिवसांत उद्भवतो आणि त्याला वॉर्डात दाखल करावं लागतं. तुमच्या वर्णनात महिनाभर हळूहळू वाढ आहे आणि शुद्ध पूर्ण आहे, म्हणजे चित्र वेगळं आहे. तरीही ताप, मान ताठणं, झटका, नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी यातलं काहीही दिसलं तर मानसोपचाराची वाट न बघता थेट मोठं रुग्णालय.

पहिल्या खेपेच्या तपासण्या: हिमोग्राम, साखर, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, थायरॉइड, बी-१२, लघवीची तपासणी. एचआयव्ही आणि सिफिलिसही, संमती घेऊन. मेंदूचा स्कॅन हवा की नको ते तपासून ठरतं. लघवीतून गांजाची किट-चाचणी होते. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो थांबवल्यावर काही आठवडेही सापडू शकतो, त्यामुळे 'परवाच सोडला' म्हणून चाचणी टाळू नका. यात पोलिसांचा काही संबंध नाही, हेही त्यांना सांगा.

औषधांची यादी काढा. स्टेरॉइड, टीबीच्या गोळ्यांतलं आयसोनियाझिड, जिममधून आणलेली 'बॉडी बनवायची' औषधं, जागरणासाठी घेतलेल्या गोळ्या, या सगळ्यांनी असा संशय उद्भवू शकतो. पाकिटं सापडली तर फेकू नका, सोबत आणा.

जाता जाता, हे वाचणाऱ्या दुसऱ्या घरांसाठी. सत्तरीच्या माणसाला अचानक 'सून पैसे चोरते' वाटू लागलं तर आधी लघवीचा संसर्ग, सोडियम, बद्धकोष्ठता, नवीन सुरू झालेली औषधं आणि ऐकू येणं तपासा. कमी ऐकू येणाऱ्याला चारचौघांचं हसणं आपल्यावरच वाटतं. आणि रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केल्यावर दोन ते चार दिवसांत भास, थरथर, घाम सुरू झाला तर ती तातडीची केस आहे, त्याला घरी कोंडून 'उतरवायची' नसते.

चंची_औषधवाला

चहातून गोळी, हा सल्ला दुकानाच्या काउंटरवर रोज दिला जातो आणि त्यातूनच घोटाळे होतात.

पहिली गोष्ट, ज्याला आधीच वाटतंय की घरचे अन्नात काही मिसळतात, त्याच्या अन्नात तुम्ही खरंच मिसळताय. कळलं की पुढची काही वर्षं तो घरचं खाणार नाही. दुसरी, डोसचा पत्ता राहत नाही: अर्धा कप उरतो, उरलेला घरातलं पोर पितं. तिसरी, रिस्पेरिडोन या संशय-भासांवरच्या औषधाचं द्रव रूप चहात किंवा कोलात घालायचंच नसतं, तसं त्याच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. पाणी, कॉफी, संत्र्याचा रस, कमी स्निग्धांशाचं दूध चालतं. चौथी, औषधाच्या परिणामाने मान अचानक वाकडी झाली तर कशामुळे झाली हे रुग्णाला सांगता येत नाही आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरलाही कळत नाही. आणि चिठ्ठीशिवाय ही औषधं विकणं मुळात बेकायदा आहे.

औषध सुरू झाल्यावर काय होतं ते आधीच माहीत असू द्या. रिस्पेरिडोन साधारण १-२ मिलिग्रॅम किंवा ओलान्झापिन ५ मिलिग्रॅमच्या आसपास सुरुवात होते, बाकी डॉक्टर ठरवतील. झोप आणि अस्वस्थता पहिल्या काही दिवसांत सुधारते. संशय मात्र सावकाश उतरतो, दोन ते सहा आठवडे धरा. पाचव्या दिवशी 'अजून तेच बोलतोय, औषध लागू पडत नाही' म्हणून बंद करणारी घरं फार.

तरुण मुलांत पहिल्या चार-पाच दिवसांत मान किंवा जबडा आखडणं, डोळे वर चढणं होऊ शकतं. दिसायला भयंकर, पण इंजेक्शनने थोड्याच वेळात सुटतं. जवळच्या कॅज्युअल्टीत गोळ्यांची पट्टी दाखवा. एका जागी बसवेना, सारख्या येरझारा, हाही बऱ्याचदा औषधाचा परिणाम असतो. घरच्यांना तो आजार वाढल्यासारखा वाटतो, म्हणून डोस वाढवायला निघतात. डॉक्टरला फोन करा, उपाय आहे. मात्र खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि गोंधळलेली अवस्था एकत्र आली तर गोळ्या थांबवून तातडीने दाखल.

ओलान्झापिनने भूक आणि वजन झपाट्याने वाढतं. सुरुवातीचं वजन, कमरेचा घेर आणि साखर लिहून ठेवा. बिडी-सिगारेटने हे औषध रक्तात कमी राहतं, त्यामुळे ओढणं एकदम बंद किंवा सुरू केलं तर तेही डॉक्टरला सांगायचं. तोंडात विरघळणारी गोळी मिळते, गालात धरून नंतर थुंकायची सवय असेल तर तीच मागा. बरं वाटल्यावर पुढे किमान एक-दोन वर्षं औषध चालतं. मध्येच सोडलं तर लगेच काही होत नाही, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उलटतं, म्हणून तर लोक फसतात.

बापू_वाळवेकर

एवढं सोज्वळ वागून माणूस डॉक्टरकडे जात नसतो. चौघांनी धरा, गाडीत घाला, 'आईचं बीपी दाखवायला चाललोय' सांगा. एकदा इंजेक्शन बसलं की सगळं सरळ.

अक्षरगट्टी

बापू, एखादवेळी धरून न्यावं लागतंही, पण ती पहिली पायरी नव्हे. बीपीची थाप पहिल्या भेटीपुरती चालते. पुढच्या महिन्याच्या फेरतपासणीला माणूस गाडीत बसत नाही, आणि हा आजार फेरतपासण्यांवरच सांभाळला जातो.

थाप न मारता नेता येतं. जे त्यांना स्वतःला पटतं त्या तक्रारीवरून चला. झोप नाही, वजन उतरलंय, डोकं जड. "झोपेसाठी डॉक्टरला दाखवू" यात खोटं काहीच नाही. फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात करा, त्यांची मानसोपचारतज्ज्ञाला चिठ्ठी घ्या. कोणता वार, कोण सोबत, गाडीत कुठे बसायचं, हे त्यांनाच ठरवू द्या. प्यायला सीलबंद बाटली. ओपीडीत तुमची माहिती त्यांच्यादेखत सांगू नका, कागदावर लिहून आधी आत द्या.

ते अजिबात तयार नसतील तरी घरच्यांनी हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. १४४१६ हा टेलीमानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतून. रुग्णाशिवाय घरचेही बोलू शकतात. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं, तिथेही आधी एकट्याने जाऊन या. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. तुम्हाला येरवडा सोयीचं.

आता जबरदस्ती. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधलं कलम ८९ वाचा. स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न, दुसऱ्यावर हिंसा किंवा इजेची धास्ती वाटेल असं वागणं, किंवा स्वतःची देखभाल करता न आल्याने जिवाला धोका, यांपैकी काही अलीकडे घडलं असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे बहुतेकदा नातेवाइकाच्या, अर्जावर जास्तीत जास्त ३० दिवस दाखल करता येतं. त्यासाठी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. नुसता संशय आहे, कामावर जात नाही, एवढ्यावर होत नाही.

अगदी तातडीत कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, जिथे रुग्ण आहे तिथे, घरीसुद्धा, ७२ तासांपर्यंतचे उपचार देऊ शकतो आणि रुग्णालयात हलवूही शकतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती लागते. आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या माणसाला संरक्षणात घेणं हे कलम १०० नुसार पोलिसांचं काम आहे: २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. ११२ वर फोन करताना पहिलंच वाक्य 'मानसिक आजार आहे, गुन्हा घडलेला नाही, दवाखान्यात न्यायला मदत हवी' असं असू द्या. 'भाऊ मारतोय' म्हणालात तर पोलीस वेगळ्याच तयारीने येतात. ॲम्ब्युलन्ससाठी १०८.

देवऋषीचं. सासूबाईंचा अंगारा लावण्याने बिघडत नाही, त्यावरून घरात भांडण उकरू नका, 'अंगाराही लावू, डॉक्टरही करू' म्हणा. पण 'बाहेरचं आहे' हे भाऊजींच्या कानावर सारखं पडलं तर वरच्या मजल्याचा संशय आणखी घट्ट होतो. आणि बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं असलं काही सुचवलं तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद.

रानजाई

दोन नवीन गोष्टी. परवा अंथरूण काढताना उशाखाली सुरी सापडली, होती तिथेच ठेवली. आणि सासूबाईही आता म्हणतायत की रात्री वरून पावलं वाजतात, 'तो म्हणतो ते खोटं नसावं.'

वॉर्डसिस्टर

सुरीबद्दल शांतपणे, दिवसा, एकटीने नको, पण थेट विचारा: "भाऊजी, उशाखाली सुरी दिसली. कशासाठी ठेवलीय?" 'कोणी आत आलं तर' असं उत्तर असेल तर ती भीती आहे. ठरावीक माणसाचं नाव, त्याच्याकडे कधी आणि कसं जाणार याचा बेत, किंवा 'आवाज सांगतो तसं करायचं' असं आलं, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी हालचाल. मरण्याचे विचार येतात का, हेही विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही.

सुरी हिसकावू नका. मागून पाहा, देतात बऱ्याचदा. विळी, कोयता, कात्र्या, फवारणीचं औषध घराबाहेर हलवा, पण गुपचूप नाही: "सगळ्यांनाच भीती वाटतेय, म्हणून धारदार सामान काकूंकडे ठेवलंय." गुपचूप गायब झालं तर ते वरच्यांनी नेलं असं होतं. रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. बाथरूमची आतली कडी काढून ठेवा. आणि वरच्या भाडेकरूंना तुम्ही स्वतः जाऊन सांगा: जिन्यात टोकायचं नाही, समजूत घालायला यायचं नाही, मोबाइल रोखायचा नाही, ते दारावर आले तर दार न उघडता तुम्हाला फोन. हे सांगायला लाज वाटते म्हणून राहून जातं, आणि सर्वांत जास्त धोका त्यांनाच असतो.

सासूबाईंची झोप महिनाभर मोडलीय आणि दिवसभर एकच गोष्ट कानावर आहे. जवळच्या, जीव लावणाऱ्या माणसात हा संशय उतरतो. त्यांना आठ-पंधरा दिवस लेकीकडे किंवा भावाकडे पाठवा. बहुतेकांचा वेगळं झाल्यावर ओसरतो. नाही ओसरला तर त्यांनाही दाखवायचं. जागरणाच्या पाळ्या लावा, एकाच माणसाने रोज जागायचं नाही.

रानजाई

सासूबाई उद्या नणंदेकडे जातायत. झोपेच्या तक्रारीवरून भाऊजी फॅमिली डॉक्टरकडे यायला तयार आहेत, गुरुवारी. कागदावर नेमकं काय लिहून द्यायचं?

अक्षरगट्टी

एक पान, त्याहून जास्त डॉक्टर ओपीडीत वाचत नाहीत. विशेषणं नकोत, 'विचित्र वागतो' तर नकोच. असं:

"वय २७. सुरुवात साधारण एका महिन्यापूर्वी. त्याआधी कामावर नियमित. झोप: पहाटे साडेतीन ते सात. खाणं: फक्त सीलबंद. म्हणणं: वरचे भाडेकरू पंख्यातून ऐकतात, पाण्यात मिसळतात. एकटे असताना बोलतात / हसतात: हो किंवा नाही. सुरी उशाखाली, अमुक तारखेला दिसली. कोणाला धमकी: हो किंवा नाही. मरण्याविषयी बोलणं: हो किंवा नाही. नशा: माहिती नाही. चालू औषधं. ताप, झटका, डोक्याला मार: नाही. घराण्यात असा आजार, आत्महत्या किंवा घर सोडून गेलेलं कोणी. वजन आधी आणि आता."

घराण्याची ओळ सासऱ्यांकडून भरून घ्या, चुलत-मामे धरून. वरच्या कोपऱ्यात फोन नंबर आणि 'हे रुग्णासमोर वाचू नये' लिहा. कागद आदल्या दिवशी कंपाउंडरकडे पोचवा, गुरुवारी हातात घेऊन गेलात तर तो भाऊजींना दिसणार.

चंची_औषधवाला

गुरुवारी निघताना फॅमिली डॉक्टरने नुसत्या झोपेच्या गोळ्या लिहिल्या तर पंधरा दिवसांच्याच घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी मागितल्याशिवाय उठू नका. पट्टी तुमच्याकडे ठेवा, रोजची गोळी मात्र त्यांच्यासमोर पट्टीतून फोडून त्यांच्या हातावर. सुटी गोळी वाटीतून देऊ नका.